गोव्यात लीज लाइन घेताना: आधी तारेची वाट विचारा

कुंडई, मडकई आणि बेतोडा इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या काही कारखान्यांचं आणि पेडण्यातल्या काही हॉटेलांचं नेटवर्क मी सांभाळते. लीज लाइन म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेलं इंटरनेट कनेक्शन. "लीज लाइन कुणाची घेऊ?" असं विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दोन कोटेशनं असतात. एकावर ५० एमबीपीएस, दुसऱ्यावर १००, आणि खाली रक्कम. मी आधी विचारते, तार तुमच्या गेटपर्यंत कुठून येणार आहे? यावर सहसा कुणाकडे उत्तर नसतं, कारण कोटेशनवर ते लिहिलेलंच नसतं. आणि गोव्यात पैसे देण्याआधी कळायला हवं ते नेमकं हेच.

पण त्याही आधी, लीज लाइन तुम्हाला खरंच हवी आहे का ते पाहू. साध्या फायबर ब्रॉडबँडमध्ये कंपनीकडून निघालेला एक फायबर वाटेत स्प्लिटर (प्रकाश वाटणारा डबा) लावून ३२ किंवा ६४ ग्राहकांना जोडतात. जीपॉन नावाच्या या पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून डाउनलोडसाठी साधारण २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी १.२५ जीबीपीएस असतात, आणि पुढे कंपनीच्या नेटवर्कमध्ये आणखी वाटणी होते. लीज लाइनमध्ये ५० घेतले तर ५० तुमचेच, दोन्ही दिशांना, रात्री नऊ वाजताही. बरोबर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारे इंटरनेट पत्ते, मिळतात आणि बंद पडल्यास किती तासांत सुरू करणार याचा लेखी करार मिळतो. ब्रॉडबँडच्या तुलनेत पैसे कितीतरी पट जास्त, ते या तीन गोष्टींचे.

म्हापशात चार-पाच माणसांचं सीएचं ऑफिस असेल, काम जीएसटी पोर्टल आणि ईमेलचं असेल, तर मी लीज लाइन घेऊ नका असंच सांगते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड कनेक्शनं आणि दोन वॅनचा, म्हणजे दोन्ही कनेक्शनं लावता येणारा, राउटर एवढं पुरतं. कारखान्यातला ईआरपी (हिशेब, साठा वगैरे सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर बाहेरून वापरला जात असेल, हेड ऑफिसशी व्हीपीएन (खासगी सुरक्षित जोडणी) कायम जोडलेला हवा असेल, लॅबमधून सीटी स्कॅनच्या फाइली सतत वर जात असतील किंवा चाळीस खोल्यांच्या हॉटेलात पाहुणे व्हिडिओ कॉलवर काम करत असतील, तर मात्र घ्या.

किती एमबीपीएस हे ठरवताना डाउनलोडपेक्षा अपलोडचा हिशेब मांडा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ लहान करायच्या पद्धतीवर साधारण २ एमबीपीएस घेतो. असे दहा कॅमेरे बाहेरून सतत पाहिले जाणार असतील तर २० एमबीपीएस तिथेच गेले. चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ कॉलला ३ ते ४ धरा. रात्रीचा १०० जीबीचा बॅकअप ५० एमबीपीएसवर चढायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे दहाला सुरू केला तर पहाटे अडीचला संपेल. आकडे एका कागदावर लिहा, एकाच वेळी चालणाऱ्या कामांची बेरीज करा, त्यावर तिसरा हिस्सा वाढवा. इथे फार डोकं शिणवू नका. वेग नंतर वाढवता येतो, बहुतेक वेळा नुसती सेटिंग बदलून.

तारेची वाट मात्र नंतर बदलत नाही.

विक्रेता "फिजिबल आहे" म्हणतो तेव्हा त्याने अनेकदा ऑफिसात बसून नकाशावर रेघ ओढलेली असते. प्रत्यक्ष सर्व्हे मागा, आणि सर्व्हेचा माणूस आला की त्याच्याबरोबर स्वतः चाला. त्यांच्या केबलचा सगळ्यात जवळचा जॉइंट कुठे आहे, तिथून तुमच्या गेटपर्यंत किती मीटर, कुठे जमिनीखालून, कुठे खांबांवरून, हे डोळ्यांनी पाहा. मग त्या मार्गाची केएमझेड फाइल मागा. ती गूगल अर्थमध्ये उघडते आणि सगळी वाट दिसते. जी कंपनी ती द्यायला किंवा निदान समोर बसून दाखवायला तयार नसते, तिचं नाव मी यादीत खाली ढकलते.

खांबांवरून येणारी तार स्वस्त पडते आणि लवकर येते. पण मेच्या वळवात आणि जूनच्या वाऱ्यात माडाचं चुडत नाहीतर आंब्याची फांदी तिच्यावर पडते, उंच माल भरलेला ट्रक तिला ओढून नेतो, आणि खांब मुळात वीज खात्याचे असल्याने त्यांच्या कामात ती खाली काढलीही जाते. त्या खांबांवर केबल टाकायची परवानगी कंपनीकडे आहे का, हे लेखी विचारा. जमिनीखालची तार यातून सुटते, पण तिला जेसीबीचं भय. नळाची लाइन, मलनिस्सारण, रस्ता रुंदीकरण, काहीही निघालं की खोदकाम आलंच. आपल्याकडे जांभ्यात खोल चर मारणं महागाचं काम, म्हणून किती खोल टाकणार आणि एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपमधून टाकणार का, ते ऑर्डरवर लिहून घ्या. खोदणाऱ्याने आधी केबलच्या मालकाला कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. तुमच्या कंपनीची त्या भागातली केबल त्यात नोंदलेली आहे का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

काही जण शेवटचा टप्पा फायबरने न देता गच्चीवर रेडिओ लावून देतात आणि कागदावर मोघम "लीज लाइन" लिहितात. गोव्यातला पावसाळा आणि डोंगर-झाडी पाहता मी मुख्य लाइनसाठी रेडिओ घेत नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लिंकला जोरदार पाऊस थेट कापतो आणि पाच गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आजूबाजूच्या हॉटेलांचे वायफाय आडवे येतात. ऑर्डरवर "लास्ट माइल: फायबर" हे शब्द हवेतच.

आता वेळापत्रक. रस्ता खोदायची परवानगी वसाहतीच्या आत औद्योगिक विकास महामंडळाची, बाहेर सार्वजनिक बांधकाम खात्याची, गावात पंचायतीची किंवा पालिकेची. हे कागद फिरायला आठवडे लागतात, आणि पावसाळ्यात रस्ता कापू देत नाहीत. मोरजी-मांद्रेची हॉटेलं ऑगस्टमध्ये जागी होतात आणि ऑक्टोबरच्या हंगामाआधी लाइन मागतात. तेव्हा खोदकाम बंद असतं, मध्येच चवथ (गणेश चतुर्थी) येते, आणि शेवटी घाईघाईत खांबांवरून तार लोंबते. पुढच्या हंगामासाठी लाइन हवी तर ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत द्या, म्हणजे मेअखेर चर बुजलेला असतो.

गेटपर्यंतची वाट झाली, आता तिच्या मागची. दोन मोठ्या नद्यांमुळे गोव्यात तारेलाही पूल लागतो. वेर्ण्याच्या कारखान्याला पणजीहून येणारी तार झुवारी ओलांडूनच येते, मडगावहून येणारी नाही. हे नुसतं विचारलं तरी विक्रेत्याला स्वतःचं नेटवर्क किती माहीत आहे ते कळतं. त्याही पुढे, गोव्याबाहेर पडायच्या वाटा मोजक्याच: उत्तरेला बांद्यावरून सावंतवाडीकडे, पूर्वेला चोर्ला किंवा अनमोड घाटातून बेळगावच्या बाजूला, दक्षिणेला काणकोणवरून कारवारकडे. घाटात दरड कोसळली किंवा महामार्गाचं काम निघालं की एक वाट बंद. कंपनीकडे किमान दोन आहेत का, आणि पहिली बंद पडल्यावर वाहतूक आपोआप दुसरीवर जाते की कुणीतरी फोन करून वळवावी लागते?

याची थोडी परीक्षा घरबसल्या घेता येते. त्याच कंपनीचा जवळपासचा एखादा ग्राहक शोधा आणि त्याच्याकडून मुंबईच्या सर्व्हरवर पिंग (जाऊन यायला लागणारा वेळ) आणि ट्रेसराउट (वाटेतले टप्पे) करून घ्या. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहाशे किलोमीटर जाऊन यायला सहा मिलिसेकंद. उपकरणं आणि वळणं धरून पंधरा-वीस आले तर उत्तम. पन्नास-साठ दिसले तर तुमची वाहतूक लांबचा वळसा घालून जाते आहे, आणि तो का, हे कंपनीने सांगायला हवं.

मोठी कंपनी की स्थानिक? देशभराचं ए लायसन्स, सर्कलपुरतं बी, त्याहून लहान क्षेत्रापुरतं सी, अशा श्रेणी आहेत आणि दूरसंचारच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. लायसन्सची प्रत मागायला संकोच करू नका. सी श्रेणी म्हणजे कमी प्रतीची सेवा असं मी मानत नाही. स्थानिक माणसाचा स्प्लायसर (तुटलेला फायबर जोडणारा) फोंड्यातूनच निघतो आणि तासाभरात पोचतो, मोठ्या कंपनीचं तिकीट आधी कॉल सेंटरला फिरून येतं. पण स्थानिकाने पुढची बँडविड्थ कुणाकडून घेतली आहे, एकाकडून की दोघांकडून, हे विचारायलाच हवं. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात मी बीएसएनएलचा पर्याय आधी तपासते, कारण त्यांची एक्स्चेंजेस तिथवर पोचलेली आहेत.

एसएलएच्या, म्हणजे सेवेच्या लेखी हमीच्या, टक्क्यांवर थांबून नीट हिशेब करा. ९९.५ टक्के महिन्याच्या हिशेबात म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहायची मुभा, ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. पण तेच ९९.५ टक्के वर्षावर मोजले तर जवळपास ४४ तास होतात. नाताळच्या आठवड्यात हॉटेलची लाइन सलग पावणेदोन दिवस मेलेली राहिली, तरी कराराप्रमाणे कंपनीने काहीही मोडलेलं नसतं. म्हणून मोजणी महिन्याची, आणि बिघाड दुरुस्तीची कमाल वेळ तासांत, असं लिहून घ्या. मग सवलतींचं कलम वाचा. केबल तुटणं "आवाक्याबाहेरचं कारण" म्हणून वगळलं असेल तर गोव्यात त्या एसएलएला अर्थच उरत नाही, कारण इथे लाइन बंद पडते ती मुख्यतः केबल तुटूनच. ते कलम खोडून घ्या. मागितलं तर बऱ्याच कंपन्या मान्य करतात.

कोटेशनची तुलना करताना वर्षाची रक्कम, एकदाच द्यायचा खर्च, राउटर कुणाचा आणि लॉक-इन (किमान किती काळ बांधलेले राहायचं) किती, हे एकाच तक्त्यात मांडा. १८ टक्के जीएसटी धरा, नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. /२९ चा आयपी ब्लॉक म्हणजे आठ पत्ते, पण वापरायचे सहा, त्यातला एक बहुधा कंपनीच्या राउटरला जातो. हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांचं वायफाय ओटीपीवर ठेवावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत, त्याची सोय फायरवॉलमध्ये आधीच करा.

दुसरी लाइन घेणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. वसाहतीतल्या एका कारखान्याने दोन वेगळ्या कंपन्यांच्या लीज लाइन घेतल्या होत्या, दोन बिलं, दोन राउटर. एका मोरीच्या कामात जेसीबी लागला आणि दोन्ही एकदम गेल्या. दोघांनीही शेवटचे दोन किलोमीटर तिसऱ्याच मालकाच्या एकाच केबलमधले फायबर भाड्याने घेतले होते. दोन केएमझेड फाइली एकावर एक ठेवल्या असत्या तर हे ऑर्डर देण्याआधीच दिसलं असतं. वाटा खरोखर वेगळ्या मिळत नसतील तर दुसऱ्या लीज लाइनवर पैसे घालू नका. एक लीज लाइन, खांबांवरून येणारं एक ब्रॉडबँड आणि ४जी-५जीचं सिम असलेला राउटर ही तिकडी कमी पैशांत जास्त दिवस सांभाळते.

तुमच्या बाजूलाही काम आहे. मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश राउटरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) आणि राउटर यूपीएसवर हवेत, नाहीतर वीज गेली की फायबर धडधाकट असूनही नेट बंद. तारेचा आधार म्हणून असलेली स्टीलची तार विजांच्या दिवसांत झटका आत आणते. ती इमारतीबाहेर तोडून अर्थ करायला सांगा, किंवा धातू नसलेली केबल मागा.

लाइन सुरू झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी लॅपटॉप थेट त्यांच्या पोर्टला लावा. वायफायवर चाचणी नको. दोन्ही दिशांचा वेग मोजा. १०० च्या पोर्टवर ९४-९५ दिसले तर ते बरोबर आहे, उरलेलं पॅकेटच्या हेडरमध्ये जातं. तासभर पिंग चालू ठेवा, पॅकेट गळता कामा नये. मग येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजून घ्या. एक गिगचं एलएक्स मॉड्यूल (फायबर ज्यात लागतो तो भाग) साधारण उणे १९-२० डीबीएमपर्यंत (हे प्रकाशाच्या जोराचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) चालतं, पण मी उणे १५ च्या पलीकडे स्वीकारत नाही, कारण पुढे प्रत्येक तुटीनंतर एक जोड वाढतो आणि थोडा प्रकाश कमी होतो. हा आकडा तारखेसह रॅकवर चिकटवा. वर्षभराने लाइन अडखळायला लागली की तो दाखवून बोला, मग "तुमच्या बाजूने काहीतरी असेल" हे उत्तर मिळत नाही. बिलाची तारीख सहीच्या दिवसापासून धरतात, तेव्हा चाचणी पूर्ण होईपर्यंत सही रोखून धरा.