‘क्वेरी’ आली, आता काय? या शब्दापायी होणाऱ्या चुका टाळा

आरोग्यविम्याचा दावा दाखल केल्यावर काही दिवसांनी मोबाइलवर संदेश येतो : तुमच्या क्लेमवर क्वेरी रेझ झाली आहे. घरात धसका बसतो. ‘क्लेम अडकला’, ‘हे लोक पैसे देतच नाहीत’ असं म्हणत कुणी फाइल कपाटात टाकतं, कुणी एजंटवर तोंडसुख घेतं. तेवढ्यात मुदत निघून जाते आणि दोन कागदांनी सुटला असता तो दावा खरोखर बंद होतो. आजूबाजूला हे वारंवार दिसतं आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते. आलेल्या संदेशात नकार नव्हताच. तिथे फक्त एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर हवं होतं.

बँकेत, ऑडिटमध्ये, ट्रेझरीत, दवाखान्यात, आयटीत ‘क्वेरी’ हा शब्द आपण दिवसातून दहादा ऐकतो. त्याच्या पोटात काय आहे हे कळलं की चुका कशा टाळायच्या ते वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

शब्द आला कुठून

लॅटिनमध्ये ‘क्वेरेरे’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ शोधणे, विचारणे. त्याचं आज्ञार्थी रूप ‘क्वेरे’, म्हणजे ‘शोध’, ‘विचार’. सोळाव्या शतकात इंग्लंडमधले विद्वान आणि वकील इंग्रजी मजकुरातसुद्धा हे लॅटिन रूप जसंच्या तसं लिहीत. एखादा मुद्दा पक्का नसला की त्याच्यापाशी ‘क्वेरे’ लिहायचं आणि पुढे शंका मांडायची. वाचणाऱ्याला दिलेली ती आज्ञाच होती : इथे थांब, हे तपास. पुढे त्या खुणेचंच नाम झालं, सतराव्या शतकात ‘इन्क्वायरी’सारख्या शब्दांच्या वळणावर तिच्या शेवटी ‘वाय’ लागला आणि आजची ‘क्वेरी’ तयार झाली. कायद्याच्या इंग्रजीत जुनं रूप अजून टिकून आहे. एखाद्या निकालातलं मत टीकाकाराला पटत नसेल तर तो ‘सेड क्वेरे’ असं लिहितो, म्हणजे ‘पण हे तपासून पाहा’.

या शब्दाचा सर्वांत सुंदर वापर मला न्यूटनच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये दिसतो. हा ग्रंथ १७०४ साली निघाला. प्रयोगांनी जे सिद्ध झालं ते न्यूटनने ग्रंथात ठामपणे मांडलं आणि जे मनात होतं पण हाती पुरावा नव्हता ते शेवटी ‘क्वेरीज’ या मथळ्याखाली ठेवलं. पहिलीच क्वेरी अशी : वस्तू दुरूनच प्रकाशावर परिणाम करून त्याचे किरण वाकवत नाहीत का? पहिल्या आवृत्तीत अशा १६ क्वेरी होत्या, १७०६च्या लॅटिन आवृत्तीत २३ झाल्या आणि १७१७च्या इंग्रजी आवृत्तीत ३१. इतरांनी पुढे शोध घ्यावा म्हणून आपण त्या मांडत आहोत, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एवढा मोठा माणूस ‘हे मला ठाऊक आहे’ आणि ‘हे तपासायला हवं’ या दोन गोष्टी इतक्या स्पष्टपणे वेगळ्या ठेवतो, याचं मला फार अप्रूप आहे.

१८४९मध्ये लंडनला विल्यम थॉम्स यांनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. वाचकाने आपली अडलेली जागा छापायची आणि दुसऱ्या वाचकाने पुढच्या अंकात उत्तर द्यायचं. ही रीत आपल्याकडेही आली. जेम्स बर्जेस यांनी १८७२मध्ये मुंबईहून सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’तही पुढे याच नावाचं सदर चाले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. क्वेरी नेहमी एका ठरावीक जागेवर बोट ठेवते आणि तिला उत्तराची अपेक्षा असते.

चूक : क्वेरीला नकार समजणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

विमा कंपनी किंवा टीपीए, म्हणजे तिच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, क्वेरी काढते तेव्हा तपासणाऱ्याला कागदांत एखादी जागा रिकामी किंवा विसंगत दिसलेली असते. आजार नेमका कधीपासून आहे, पहिल्यांदा दाखवलं त्या डॉक्टरांचा कागद कुठे आहे, बिलावरची तारीख आणि डिस्चार्ज कार्डवरची तारीख जुळत का नाही, अशा त्या जागा असतात. निर्णय अजून झालेला नसतो. रिजेक्शनचं पत्र वेगळं असतं आणि त्यात कारण लिहिलेलं असतं.

मग करायचं काय? नुसता एसएमएस वाचून थांबू नका. मूळ पत्र किंवा ईमेल उघडा आणि त्यात किती मुद्दे आहेत ते मोजा. तीन मुद्दे असतील तर उत्तरातही तीनच, त्याच क्रमाने आणि त्याच आकड्यांनी. प्रत्येक मुद्द्याखाली कोणता कागद जोडला ते लिहा. सगळी फाइल पुन्हा स्कॅन करून पाठवणं हे उत्तर होत नाही, कारण तपासणाऱ्याला हवा असलेला एक कागद त्या ढिगात पुन्हा हरवतो. आजाराच्या कालावधीबद्दल विचारलं असेल तर रुग्णाने स्वतःच्या शब्दांत खुलासा लिहून भागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. एखादा कागद मिळतच नसेल तर तो मुद्दा गाळू नका, का मिळत नाही ते लिहा. उत्तर पोहोचल्याची पोच आणि क्लेम नंबर जपून ठेवा.

सरकारी कार्यालयातही हेच. ट्रेझरीतून बिल त्रुटी काढून परत आलं की ‘साहेबांनी बिल नाकारलं’ अशी आवई उठते. त्रुटीपूर्तता करून तेच बिल पुन्हा सादर करता येतं.

चूक : तक्रारीच्या जागी क्वेरी लिहिणे

खात्यातून न केलेल्या व्यवहाराचे पैसे गेले आणि ग्राहकाने ईमेलच्या विषयात लिहिलं, ‘माझी एक क्वेरी आहे’. हा सभ्यपणा नडतो. तुम्ही माहिती विचारत आहात असं समजून बँक माहिती देते आणि विषय संपवते.

लॅटिनमध्येही ही दोन घराणी वेगळी होती. आपली इंग्रजी क्वेरी ‘क्वेरेरे’वरून आली. गाऱ्हाणं करणे यासाठी दिसायला जवळचं पण निराळं लॅटिन क्रियापद होतं, तेही ‘क्वेरी’च. त्याच्यापासून इंग्रजीतला भांडणाचा ‘क्वॉरल’ आणि सदा कुरकुरणाऱ्या माणसासाठीचा ‘क्वेरुलस’ आला. आवाज सारखा, कूळ वेगळं.

व्यवहारात हा फरक पैशांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार लोकपालांकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि ती फेटाळली गेलेली किंवा ३० दिवसांत तिला उत्तर न मिळालेलं असावं लागतं. तुमच्या पत्रात ‘तक्रार’ हा शब्दच नसेल तर तुम्ही तक्रार केली होती हे दाखवायला त्रास होतो. म्हणून व्याजदर, शुल्क, नियम विचारायचे असतील तर क्वेरी लिहा. नुकसान झालं असेल, दुरुस्ती हवी असेल तर विषयातच ‘तक्रार’ लिहा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

चूक : क्वेरी, डाउट, एन्क्वायरी एकच समजणे

‘सर, आय हॅव अ डाउट’ हे वाक्य आपल्या प्रत्येक वर्गात ऐकू येतं आणि भारतात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मराठीत ‘शंका’ हा शब्द न कळलेल्या गोष्टीसाठीही चालतो आणि अविश्वासासाठीही. शंकासमाधान म्हणतो ते पहिल्या अर्थाने, शंकेखोर म्हणतो ते दुसऱ्या. इंग्रजीतला ‘डाउट’ मात्र बाहेरच्या देशांत मुख्यतः दुसऱ्या अर्थाने ऐकला जातो. लंडनच्या क्लायंटला ‘तुमच्या डिझाइनबद्दल डाउट्स आहेत’ असं कळवलं तर तुम्हाला ते डिझाइन पटलेलं नाही असा तो अर्थ घेईल. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. ठरावीक मुद्दा असेल तर ‘क्वेरी’.

एन्क्वायरीचा घोळ वेगळा आहे. ब्रिटिश वळणात ‘ई’ने सुरू होणारं स्पेलिंग साध्या विचारपुशीसाठी आणि ‘आय’ने सुरू होणारं अधिकृत तपासासाठी, असा भेद अनेकजण पाळतात. मराठीत दोन्हीकडे ‘चौकशी’च. स्टेशनवरची चौकशी खिडकी आणि कर्मचाऱ्यामागे लागलेली विभागीय चौकशी यांतला फरक आपल्याला संदर्भानेच कळतो. इंग्रजीत लिहिताना एवढं सांभाळा की कुणाची ‘इन्क्वायरी लावली’ असा अर्थ चुकून निघू नये.

क्रियापदाचाही एक सापळा आहे. ब्रिटिश इंग्रजीत बिल ‘क्वेरी करणे’ म्हणजे बिलाबद्दल विचारणं एवढंच नाही, ते बरोबर आहे का याबद्दल हरकत घेणं. परीक्षेच्या गुणांबद्दल नुसती माहिती हवी असेल तर हे क्रियापद टाळा. आणि ‘क्वेरी दॅट’ अशी जोडणीही नको. नामाच्या पुढे ‘अबाउट’ किंवा ‘रिगार्डिंग’ येतं.

चूक : केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह न वाचणे

डॉक्टरांच्या कागदावर ‘? डेंग्यू’ असं लिहिलेलं असतं. ब्रिटिश वळणाचे डॉक्टर हे मोठ्याने वाचताना ‘क्वेरी डेंग्यू’ म्हणतात. अर्थ असा की डेंग्यूचा संशय आहे, तपासणी व्हायची आहे. नातेवाईक मात्र चिन्ह सोडून फक्त शब्द वाचतात आणि गावभर फोन जातात.

याहून गंभीर प्रकार उलट दिशेने घडतो. केसपेपरवरचं ते छोटं चिन्ह डिस्चार्ज कार्ड टाइप करताना गळलं, तर संशयाचं निदान होऊन बसतं. जुन्या आजाराबाबत असं झालं तर विम्याची पुढची क्वेरी तिथूनच निघते. दवाखान्यातून निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड शांतपणे वाचा आणि दुरुस्ती असेल तर तिथल्या तिथे करून घ्या. नंतर करून घ्यायला हेलपाटे पडतात आणि बदलाकडे संशयानेही पाहिलं जातं.

चूक : सांगोवांगीच्या व्युत्पत्ती पुढे ढकलणे

लॅटिन ‘क्वेस्टिओ’ (प्रश्न) या शब्दाचं आद्याक्षर वर आणि शेवटचं अक्षर खाली लिहिता लिहिता प्रश्नचिन्ह तयार झालं, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते. तिला हस्तलिखितांतून आधार मिळत नाही. युरोपात आठव्या शतकाच्या सुमाराला दिसणारं प्रश्नचिन्ह म्हणजे बिंदूवरून उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ होती. आपल्याकडे विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर आली आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं.

‘क्विझ’ हा शब्द डब्लिनच्या एका नाट्यगृहचालकाने पैजेवर एका रात्रीत भिंतींवर लिहून रूढ केला, हीही तशीच दंतकथा. ती घटना १७९१ची सांगतात, पण विचित्र माणूस या अर्थाने हा शब्द त्याआधीच लिहिलेला सापडतो. त्याचं मूळ अनिश्चितच आहे, म्हणून त्याला क्वेरीचा भाऊ ठरवू नका.

खरे भाऊबंद पुष्कळ आहेत : क्वेश्चन, क्वेस्ट, रिक्वेस्ट, रिक्वायर, अक्वायर, इतकंच काय, जिंकण्याचा ‘काँकर’सुद्धा. आणि इन्क्विझिशन. गोव्यात १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षं वगळता, जे धर्मन्यायालय चाललं त्याचं नाव याच धातूवरून आलेलं आहे. मूळ अर्थ ‘तपास’. त्या तपासाने तिथल्या माणसांचं काय केलं हे गोव्याला सांगायला नको.

आयटीवाल्यांसाठी

एडगर कॉड यांनी १९७०मध्ये माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये त्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. ते नाव दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क होतं, म्हणून ‘एसक्यूएल’ झालं. मधला ‘क्यू’ म्हणजे क्वेरी.

हिंजवडीत ‘क्वेरी मारली’ म्हणताना सिलेक्ट, अपडेट, डिलीट सगळं एकाच मापाने मोजलं जातं. काटेकोरपणे क्वेरी म्हणजे सिलेक्ट, कारण ती फक्त विचारते. बाकीच्या दोघी माहिती बदलतात किंवा पुसतात, त्यांना स्टेटमेंट म्हणावं. प्रॉडक्शन डेटाबेसवर रात्री अकरा वाजता सहकाऱ्याला ‘ती क्वेरी चालव’ असा निरोप धाडण्यापूर्वी आत डिलीट आहे की नाही हे शब्दांत लिहा.

दुसरी नेहमीची अडचण रिकाम्या जागांची. ‘नल’ असलेल्या ओळी शोधायला बरोबरचं चिन्ह वापरलं तर एकही ओळ हाती लागत नाही, आणि माणसाला वाटतं की तशा ओळीच नाहीत. नल कशाच्याही बरोबर ठरत नाही, दुसऱ्या नलच्याही नाही. तिथे ‘इज नल’ असंच विचारावं लागतं.

स्पेलिंग आणि उच्चार

क्यू, यू, ई, आर, वाय. ‘ई’च्या जागी ‘ए’ टाकून ‘आर’ दोनदा लिहिला की ‘क्वॉरी’, म्हणजे दगडाची खाण होते, आणि ग्राहक सेवा केंद्राला खाणीबद्दलचे अर्ज जातात. अनेकवचनात ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतं, ॲपॉस्ट्रफी लावायची नाही.

ब्रिटिश उच्चार ‘क्विअरी’च्या जवळचा आहे, अमेरिकेत ‘क्वेरी’ही म्हणतात आणि तिथल्या कोशांत तो नोंदलेला आहे. तेव्हा मुलाखतीत ‘क्वेरी’ म्हटलं म्हणून कुणी टोकलं, तर खजील व्हायचं कारण नाही.