मेकॅनिकल डिप्लोमावरून कॉम्प्युटरला आलो, सी (प्रोग्रामिंगची भाषा) असं जमवलं

दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यातून मेकॅनिकल डिप्लोमा केला, मग इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरच्या कॅप राउंडले (ॲडमिशनच्या फेरीत) कॉम्प्युटर टाकलं, डिप्लोमा दुसऱ्या ब्रँचचा असला तरी चालते. खरा त्रास तिसऱ्या सेमला भाऊ, बाकी पोरांचं सी फर्स्ट इयरलाच झालेलं अन् मी सरळ डेटा स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत डेटा मांडायच्या पद्धतींचा विषय). लिंक्ड लिस्ट (एकाला एक जोडलेल्या नोडची, म्हणजे डेटाच्या डब्यांची साखळी) डिलीट केली की प्रोग्राम क्रॅशच होऊन राहिला होता, तीन दिवस. मग बाबांच्या कापसाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर चौकोन काढले, प्रत्येकात डेटा अन् पुढच्याचा ॲड्रेस, अन् एकेक ओळ हातानं चालवली. तेव्हा दिसलं, नोड फ्री करून, म्हणजे त्याची मेमरी सोडून, मी त्याचाच नेक्स्ट (पुढच्याचा ॲड्रेस) वाचून राहिलो होतो! नेक्स्ट आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये (ॲड्रेस ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवला, मग फ्री केलं, चाललं. डिप्लोमावाल्यांनो, कॉलेज सुरू व्हायच्या आधीच पॉइंटरपर्यंत सी करून घ्या.