सोन्याचे कण पाण्यातून टोल्युइनमध्ये नेताना

सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) वापरून पाण्यात केलेले, साधारण 13 नॅनोमीटरचे सोन्याचे कण मला टोल्युइनमध्ये, म्हणजे पाण्यात न मिसळता त्यावर तरंगणाऱ्या द्रावकात, हवे होते. आधी टोल्युइनमध्ये डोडेकेनथायॉल (सोन्याला चिकटणारं, लांब साखळीचं गंधकयुक्त संयुग) घालून ते सोन्याच्या द्रावणाबरोबर नुसतंच हलवलं. अर्ध्या तासानेही वरचा थर कोराच. दोन थरांच्या मध्ये मात्र जांभळट सोनेरी साय धरली आणि काचेवर निळसर ओघळ आले. कण एकमेकांना चिकटले की पुन्हा सुटत नाहीत. सगळं टाकून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं.

थायॉल पाण्यात विरघळतच नाही, मग कणांपर्यंत पोचणार कसं? पाण्यात मिसळणाऱ्या इथेनॉलने काम केलं. या वेळी थायॉलऐवजी डोडेसिलअमाइन (तसंच लांब साखळीचं, पण नायट्रोजनयुक्त संयुग) घेतलं, ते इथेनॉलमध्ये विरघळवलं, तेवढ्याच आकारमानाच्या सोन्याच्या द्रावणात ओतलं, दोन-तीन मिनिटं ढवळलं आणि मगच टोल्युइन घातलं. व्हायल (छोटी काचेची बाटली) हलवून ठेवली, तर लाल रंग वर चढला, खालचं पाणी नितळ! कितीतरी वेळ बघतच राहिले.

कण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात हे दाखवणाऱ्या वर्णपटातलं 520 नॅनोमीटरजवळचं शिखर थोडं लांब तरंगलांबीकडे सरकतं. त्याला घाबरू नका, भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) वाढला की असं होतं: टोल्युइनचा सुमारे 1.50, पाण्याचा 1.33. शिखर पसरट होऊन 600 च्या पुढे शेपूट लांबलं, तर मात्र गुठळ्या झाल्या समजा.