लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला: वर्डमधला सेव्ह न केलेला मजकूर परत कसा मिळवायचा

वर्ड चालू असताना तुमच्या फाइलची एक तात्पुरती प्रत बाजूला काढून ठेवत असते. याला ऑटोरिकव्हर म्हणतात आणि सेटिंग बदललेले नसेल तर हे दर 10 मिनिटांनी होते. काम संपवून फाइल नीट सेव्ह करून बंद केली की ती प्रत वर्ड पुसून टाकते. लाइट गेली, वर्ड कोसळले किंवा अपडेटसाठी विंडोज परस्पर रीस्टार्ट झाले, तर मात्र ती मागे राहते. म्हणजे त्या क्षणी बुडतात ती साधारण शेवटची दहा मिनिटे. उरलेले काम बुडते ते नंतर, घाबरून भलतेच बटण दाबल्यामुळे.

वर्ड नुसतेच अडकले असेल, पडदा फिकट झाला असेल, तर लगेच ‘एंड टास्क’ करून ते बळजबरीने बंद करू नका. पाच-दहा मिनिटे थांबा. जड फाइल किंवा बंद असलेला प्रिंटर यामुळेही वर्ड असे गोठते आणि मग आपोआप सुटते. तेवढ्यात समोर दिसणाऱ्या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्याने लिहिलेला शेवटचा परिच्छेद बहुधा त्याच पानावर असतो.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर आधी ज्या लॉगइनवर काम चालू होते त्याच लॉगइनने आत जा. तात्पुरत्या प्रती त्या त्या युजरच्या खात्यात असतात, दुसऱ्याच्या खात्यातून त्या दिसत नाहीत. तात्पुरत्या फाइली पुसणारा क्लीनर चालवू नका. मूळ फाइलवर डबल क्लिक करण्याऐवजी नुसते वर्ड उघडा. डावीकडे ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ नावाची पट्टी येते आणि तिच्यात एकाच फाइलच्या दोन नोंदी असू शकतात: एकीपुढे ‘ओरिजिनल’, म्हणजे तुम्ही स्वतः शेवटची सेव्ह केलेली, दुसरीपुढे ‘ऑटोरिकव्हर्ड’. खालची वेळ बघा आणि जी उशिराची असेल ती उघडा. उघडल्यावर कंट्रोल एस दाबायचे नाही. एफ 12 दाबून वेगळ्या नावाने सेव्ह करा, म्हणजे जुनी फाइल शाबूत राहील. दोन्हींत काय फरक आहे हे डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा ‘रिव्ह्यू’मधले ‘कम्पेअर’ वापरा.

पट्टी बंद करताना वर्ड विचारते: या फाइली नंतर बघायच्या आहेत की काढून टाकायच्या? सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. सगळे तपासून होईपर्यंत ‘नंतर बघेन’ हाच पर्याय घ्या. दुसरा घेतला की प्रती गेल्या.

पट्टी आलीच नाही, किंवा फाइलला नाव देण्याआधीच सगळे बंद पडले, तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ असे जाऊन ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ निवडा. बंद करताना चुकून ‘डोन्ट सेव्ह’ दाबले असेल तरी इथेच शोधायचे. या जागेतल्या प्रती 4 दिवस टिकतात, म्हणून ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. टाइप करायला सुरुवात करून पाच मिनिटांतच लाइट गेली असेल तर इथे काहीच नसेल, कारण पहिली प्रत अजून निघालेलीच नव्हती.

तिथेही नसेल तर हाताने शोधा. विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, मग ‘अॅपडेटा’ आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे इंग्रजीत जागा न सोडता टाइप करून एंटर द्या. ‘रोमिंग’ फोल्डर उघडेल. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्याच्या आत ‘वर्ड’. तुमच्या फाइलच्या नावाचा उपफोल्डर दिसला तर तोही उघडून बघा. हवी ती फाइल डॉट एएसडी या शेपटीची असते. आधी तिची कॉपी डेस्कटॉपवर काढा, मग उघडा. पुष्कळदा वर्ड ती थेट उघडायला नकार देते. अशा वेळी ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ दाबल्यावर जो ‘अनसेव्हडफाइल्स’ फोल्डर उघडतो, त्यात ती कॉपी टाका आणि तिथूनच उघडा.

मूळ फाइलशेजारी नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी जेमतेम 162 बाइटची फाइल सापडली तर हुरळून जाऊ नका. तिच्यात मजकूर नसतो. फाइल कोणी उघडली आहे त्याचे नाव तेवढे असते. ‘फाइल दुसऱ्याने उघडलेली आहे’ असा खोटा निरोप येत असेल तर वर्ड बंद करून ती खुशाल पुसा.

सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर मूळ फाइलच बिघडू शकते. ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणात ‘ओपन अँड रिपेअर’ असते, ते आधी करून बघा. नाही जमले तर फाइलची एक कॉपी काढून तिची डॉट डॉक्सएक्स ही शेपटी बदलून डॉट झिप करा, कारण डॉक्सएक्स ही मुळात झिपच असते. आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या गर्दीत मजकूर सापडतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल तर इथे मराठी दिसणारच नाही, रोमन अक्षरांचा काला दिसेल. तो कचरा नव्हे. वर्डमध्ये पेस्ट करून तोच फॉन्ट लावला की बहुतेक वेळा वाचता येतो. पण झिप उघडलीच नाही आणि ती कॉपी थेट नोटपॅडमध्ये उघडल्यावर सगळीकडे नुसती रिकामी जागाच दिसली, तर फाइलचा आकार जागेवर असून आत शून्ये भरली गेली आहेत. त्यावर पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअरही चालत नाही. ऑटोरिकव्हरची प्रत किंवा ईमेलने कोणाला पाठवलेली जुनी प्रत हाच मार्ग.

एक्सेलला जवळपास हेच सगळे लागू, फोल्डरचे नाव तेवढे ‘एक्सेल’. लिब्रेऑफिस पुन्हा उघडल्यावर स्वतःच विचारते, तेव्हा ‘डिस्कार्ड’ दाबू नका. डीटीपीवाल्यांकडे अजून पेजमेकर चालतो. त्यात पान बदलले की मिनी-सेव्ह होतो, म्हणजे तात्पुरती प्रत आपोआप निघते, त्यामुळे मोठ्या मजकुरावर काम करताना मधूनच पुढच्या पानावर जाऊन परत यायची सवय वाया जात नाही.

आता सेटिंग. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे 10 मिनिटांऐवजी 2 करा आणि त्याखालची, सेव्ह न करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवण्याची खूणही चालू आहे ना ते पाहा. खूप फोटो असलेली फाइल दर दोन मिनिटांनी अडखळू लागली तर 5 ठेवा. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ आहे, त्याने मागच्या सेव्हची प्रत शेजारीच राहते. वरच्या कोपऱ्यातले ‘ऑटोसेव्ह’ वेगळे: फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच ते चालते, डी ड्राइव्हवरच्या फाइलला नाही. विंडोज अपडेटमध्ये ‘अॅक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त 18 तासांचे ठेवता येतात, त्या वेळेत ते परस्पर रीस्टार्ट करत नाही. आणि घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवत असाल तर त्याच्यामागे यूपीएस मोडचे बटण आहे का पाहा. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन बॅटरीवर येईपर्यंतचा क्षणभराचा खंडसुद्धा कॉम्प्युटर बंद पाडायला पुरतो.