मजकूर पाठवण्याआधी वेलांटी तपासा

मराठी मजकुरात डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपते ती चुकीची वेलांटी. त्यासाठी शुद्धलेखनाचे सगळे नियम पाठ करायला नकोत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, एवढ्यानेच निम्मं काम होतं: पाणी, कवी, गुरू. 'मला वाटतं की' यातला 'की'सुद्धा दीर्घच. तिथे 'कि' दिसला की अनेकांचा पुढे वाचायचा उत्साह मावळतो. अपवाद मोजके आहेत: आणि, नि, परंतु, तथापि.

मग शेवटून दुसरं अक्षर. फूल, बहीण, वकील यांत ते दीर्घ; पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतं: फुलाला, बहिणीचा, वकिलाने. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, मंदिर हे शब्द या नियमाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी शब्दकोश उघडायचा, दुसरा इलाज नाही.

'माझी मदत कर' ही हिंदीची छाया. मराठीत 'मला मदत कर'. 'आर्शिवाद' नव्हे, 'आशीर्वाद', रफार 'वा'वर. आणि कमानीवरचं ते 'सुस्वागतम्'! 'स्वागत' या शब्दात 'सु' आधीच आहे, तरी आणखी एक चिकटवतातच.

हे सगळं लेखी प्रमाण मराठीपुरतं. बोलताना कुणी 'पानी' म्हणालं तर ती त्याची बोली आहे, तिथे लाल पेन काढू नका.