पित्ताशय काढल्यावर हुमण कधी खावं?

पित्ताशय नसलं तरी यकृत चरबी पचवणारं पित्त करतंच. फक्त ते साठत नाही, थेंबथेंब आतड्यात उतरतं. म्हणून एकदम शागोती-वडे (मटण-कोंबडीचा नारळ घातलेला रस्सा आणि तळलेले वडे) खाल्ले की चरबी नीट पचत नाही, आणि पित्त मोठ्या आतड्यात गेलं की पातळ जुलाब.

पहिले काही दिवस उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, वाफवलेला मासा, मोडसो किंवा चणक. दिवसातून 5-6 वेळा, थोडं थोडं. हुमण, म्हणजे नारळ घातलेली माशांची आमटी, 2-3 आठवड्यांनी, तेही आधी पातळ रसाचं. तळलेला बांगडा सर्वांत शेवटी! ओट्स, केळं असे तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा. घाईने वाढवल्यास गॅस होतो. जुलाब थांबेनात तर डॉक्टरांना पित्त बांधणाऱ्या औषधाविषयी विचारा. ताप, कावीळ, तीव्र पोटदुखी असल्यास तडक इस्पितळ.