ऐकून घेताना
समोरची व्यक्ती अडचण सांगू लागली की आपण बहुधा उत्तराची जुळवाजुळव करत असतो. म्हणून मोबाइल पालथा ठेवून तिचे वाक्य पुरते संपू द्यावे आणि नंतरही दोन-तीन सेकंद गप्प राहावे, कारण मुख्य गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतरच बाहेर येते. मग जे समजले ते आपल्या शब्दांत विचारून पडताळावे. आई ‘गुडघा फारसा दुखत नाही, पण देवळात जाणं सोडलंय’ म्हणाली, तर डॉक्टरांचे नाव सुचवण्याआधी ‘म्हणजे पायऱ्या चढवत नाहीत का?’ असे विचारावे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलेल्या सक्रिय श्रवणात, म्हणजे मन लावून समजून ऐकण्याच्या पद्धतीत, या पडताळणीला महत्त्व आहे. ‘माझंही असंच झालं होतं’ हे वाक्य मात्र गिळावे. तेच सर्वांत अवघड, निदान मला तरी.